जीप नेमकी कोणाची?

मराठीत जीप हे सामान्यनाम आहे. तहसीलदाराची जीप, फौजदाराची जीप, निवडणुकीत भोंगा लावून फिरणारी जीप, कराड-पाटणच्या रस्त्यावर वडापला चालणारी जीप. लहानपणी वडापच्या जीपला मागे लटकून जाताना ती महिंद्राची कमांडर आहे की बजाज टेम्पोची ट्रॅक्स, याची चौकशी आम्ही कधी केली नाही. ताडपत्रीचं हूड आणि मागे समोरासमोर बाकं असली की झाली जीप.

अमेरिकेत मात्र जीप हे एका कंपनीच्या मालकीचं, रीतसर नोंदवलेलं नाव आहे. ते नाव गेल्या ऐंशी वर्षांत एकामागून एक कंपन्यांच्या हातांतून गेलं. त्यातल्या काही बुडाल्या, काही विकल्या गेल्या. तरी ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात आज बनणारी रँग्लर ही १९४१ च्या गाडीची नात आहे, हे लांबूनही ओळखता येतं. हे कसं घडलं आणि अशी गाडी दारात बाळगणं म्हणजे काय, असे दोन प्रश्न आहेत. मला ते वेगळे वाटत नाहीत. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने जी यादी काढली, तिच्यातल्या अटी आजचा जीपवाला पेट्रोल पंपावर आणि हायवेवर अजून निभावतो आहे.

४९ दिवसांची मुदत

जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीच्या हाती गेला. अमेरिका अजून युद्धात नव्हती, पण तयारी सुरू झाली होती. टेहळणीसाठी सैन्याकडे घोडे, साइडकारच्या मोटारसायकली आणि किरकोळ बदल केलेल्या साध्या मोटारी होत्या. चिखलात यातलं काहीच धड चालत नव्हतं. म्हणून सैन्याने १३५ कंपन्यांना कळवलं की आम्हाला एक छोटी गाडी हवी. इंजिनची ओढ चारही चाकांना पाहिजे, समोरची काच पुढे आडवी पडली पाहिजे, गाडी बुटकी पाहिजे आणि वजन १,३०० पौंड, म्हणजे ५९० किलोच्या आसपास पाहिजे. पहिला नमुना ४९ दिवसांत आणि ७० गाड्या ७५ दिवसांत.

१३५ पैकी दोनच कंपन्या पुढे आल्या. टोलेडोची विलीज-ओव्हरलँड, आणि पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम. बँटम पूर्वी ब्रिटिश ऑस्टिन सेव्हनच्या धर्तीवर छोट्या मोटारी बनवायची. मोठ्या गाड्यांची सवय असलेल्या अमेरिकेत त्या फारशा खपल्या नाहीत आणि १९४० पर्यंत कारखाना जवळजवळ बंद पडला होता. तिच्याकडे गाडीचा आराखडा काढणारा माणूसही उरला नव्हता. तिने डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या स्वतंत्र इंजिनिअरला बोलावलं. प्रॉब्स्टने दोन दिवसांत पूर्ण गाडी कागदावर उतरवली.

मुदतीचा शेवटचा दिवस होता २३ सप्टेंबर. त्या दिवशी बटलरहून गाडी चालवतच मेरिलँडमधल्या कँप होलाबर्डला नेली गेली आणि संध्याकाळी पाचच्या मुदतीला अर्धा तास उरला असताना ती फाटकातून आत शिरली. वजनाची अट अर्थातच मोडली होती. ५९० किलोंत अशी गाडी बसवणं कुणालाच शक्य नव्हतं. पण गाडी सैन्याला आवडली.

पुढे जे झालं ते बँटमच्या बाजूने पाहिलं तर वाईट वाटतं. एवढ्या लहान कंपनीला हजारोंच्या संख्येने गाड्या पुरवता येणार नाहीत, असं सैन्याचं मत झालं. होलाबर्डच्या चाचण्या बघायला विलीज आणि फोर्डची माणसं हजर होती. सैन्याने बँटमचे आराखडेही या दोघांना दाखवले. मग तिघांनाही १,५०० गाड्यांची ऑर्डर मिळाली आणि त्यांची तुलना झाली. त्यात विलीजने बाजी मारली ती इंजिनच्या जोरावर. विलीजचे मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यांनी २.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन झिजेपर्यंत चालवून, सुधारून ६० हॉर्सपॉवरपर्यंत आणलं होतं. त्याला नाव पडलं गो डेव्हिल. बँटम आणि फोर्डची इंजिनं याच्या जवळपासही नव्हती. या जड इंजिनमुळे गाडी २,१६० पौंडांच्या सुधारित मर्यादेत बसेना, तेव्हा रूस यांच्या माणसांनी पूर्ण गाडी सुटी केली. लांब बोल्ट कापून आखूड केले, पत्रा हलका केला, रंगाचा थरसुद्धा बेताने दिला आणि गाडी काट्यावर बसवली.

जुलै १९४१ मध्ये विलीजला १६,००० गाड्यांचं काम मिळालं, नग ७३८ डॉलर ७४ सेंट दराने. तेवढ्यानेही भागेना, म्हणून त्याच वर्षी फोर्डला विलीजच्याच आराखड्यावर गाड्या बनवायला सांगितलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६,४०,००० गाड्या काढल्या. बँटमच्या हातून बनल्या सुमारे २,७००. त्यातल्या बऱ्याचशा ब्रिटन आणि रशियाला गेल्या, आणि उरलेलं युद्ध बँटमने जीपमागे जोडायचे ट्रेलर बनवण्यात काढलं.

गाडीचा ढाचा बँटमचा, हृदय विलीजचं. आणि तोंड? विलीजच्या सुरुवातीच्या गाड्यांना पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. एकाच पत्र्यातून दाबून काढलेली स्वस्त, हलकी जाळी फोर्डने आणली. तिला नऊ उभ्या फटी होत्या. युद्धानंतर नागरी गाडीला मोठे दिवे बसवले तेव्हा त्या सात झाल्या. आज ज्या सात फटी जीपची ओळख म्हणून जपल्या जातात, त्यांची मूळ कल्पना फोर्डच्या कारखान्यातली आहे.

नाव कुणाचं

जीप हा शब्द कसा आला याच्या दोन कहाण्या सांगतात. एक म्हणजे फोर्डच्या गाडीचं सांकेतिक नाव जीपी. त्याचा अर्थ जनरल पर्पज असं सर्रास सांगितलं जातं, पण ते बरोबर नाही. फोर्डच्या पद्धतीत जी म्हणजे सरकारी गाडी, आणि पी म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ८० इंच अंतर. दुसरी कहाणी पॉपायच्या चित्रकथेत १९३६ साली आलेल्या यूजीन द जीप या अद्भुत प्राण्याची. तो कुठेही जाऊ शकायचा. सैनिकांच्या तोंडी शब्द आधीपासून होता. तो छापून घरोघरी पोचला फेब्रुवारी १९४१ मध्ये, विलीजच्या चालकाने वॉशिंग्टनला कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनाच्या, पायऱ्यांवर गाडी चढवून दाखवली तेव्हा.

शब्द सैनिकांचा, पण त्यावर हक्क विलीजने सांगितला. १९४३ मध्ये तिने नोंदणीसाठी अर्ज केला आणि 'जीप आम्ही निर्माण केली' अशा जाहिराती दिल्या. व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर हरकत घेतली. १९४८ मध्ये निकाल आला की मूळ कल्पना बँटमने सैन्याच्या साथीने साकारली, विलीजने तसा दावा करू नये. मात्र नाव वापरायला मनाई नव्हती. दोन वर्षांनी, १९५० मध्ये, जीप हे नाव विलीजच्या नावावर नोंदलं गेलं. तोवर बँटमने मोटारी बनवणं सोडून दिलं होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. एखादी वस्तू पहिल्यांदा घडवणं आणि तिच्या नावाचं मालक असणं, या कायद्याच्या नजरेत दोन निराळ्या गोष्टी आहेत. नाव त्याचं होतं, जो त्या नावाने सतत विकत राहतो. विलीजने १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी सीजे-टूए ही नागरी जीप विकायला सुरुवात केली होती. मागे उघडणारं फळकूट, कुशीला स्टेपनी, आणि इंजिनच्या जोरावर नांगर किंवा मळणीयंत्र चालवण्याची सोय. माल बाजारात होता, म्हणून नावही टिकलं.

मालक बदलले, खुणा राहिल्या

१९५३ मध्ये कैसर या उद्योगसमूहाने विलीज विकत घेतली. १९७० मध्ये कैसरकडून जीप गेली अमेरिकन मोटर्सकडे, म्हणजे एएमसीकडे. एएमसीला पैशांची चणचण भासली तेव्हा १९७९ पासून फ्रान्सच्या रेनोने त्यात पैसे घातले. १९८७ मध्ये ली आयकोका यांच्या क्रायस्लरने एएमसी घेतली, आणि घेतली ती मुख्यतः जीपसाठी. १९९८ मध्ये क्रायस्लर जर्मनीच्या डाइमलरशी जोडली गेली, २००७ मध्ये तुटून सर्बरस या गुंतवणूक कंपनीकडे आली, २००९ मध्ये दिवाळं निघून फिएटच्या हाती गेली, आणि २०२१ पासून ती स्टेलांटिसची आहे.

ही नुसती वंशावळ पाठ करण्यात अर्थ नाही. मला त्यातलं खरं आकर्षण हे वाटतं की प्रत्येक मालकाची खूण गाडीच्या पोटात सापडते. सरावलेला मिस्त्री बोनेट उघडून सांगू शकेल की ही कुणाच्या काळातली.

कैसरच्या काळात, १९६३ मध्ये, वॅगनिअर आली. चार चाकांची ओढ आणि ऑटोमॅटिक गिअर असलेली, बायकामुलांना घेऊन बाजारात जायची गाडी. ती थोड्याफार फरकाने १९९१ पर्यंत बनत राहिली. आज लोक ज्याला एसयूव्ही म्हणतात त्याची घडण तिथे सुरू झाली, असं माझं मत आहे.

एएमसीने दोन मोठ्या गोष्टी दिल्या. पहिली, १९८४ ची चेरोकी. तिच्यात स्वतंत्र चासी नव्हती; बॉडी आणि चासी एकच, कारसारखी. त्यामुळे ती हलकी आणि आटोपशीर झाली आणि अमेरिकेत २००१ पर्यंत बनत राहिली. दुसरी, चार लिटरचं सहा सिलिंडरचं सरळ रांगेतलं इंजिन. जुन्या रचनेचं, लोखंडी ब्लॉकचं, बिघडलं तरी कुठेही दुरुस्त होणारं. १९८७ च्या मॉडेलपासून २००६ पर्यंत ते जीपमध्ये होतं. त्यानंतर रँग्लरमध्ये आलं क्रायस्लरच्या कौटुंबिक व्हॅनमधलं ३.८ लिटर इंजिन. जुन्या जीपवाल्यांनी ते मनापासून स्वीकारलं नाही. २०१२ मध्ये ३.६ लिटरचं नवं इंजिन आलं तेव्हा कुठे तक्रार मावळली.

डाइमलरच्या काळातली खूण म्हणजे ग्रँड चेरोकीत बसलेलं मर्सिडीजचं डिझेल इंजिन. फिएटची खूण रेनेगेडमध्ये दिसते. ती इटलीत मेल्फीला, फिएट ५००एक्सच्या सोबतीने बनली.

आणि एएमसीच्याच काळातली एक जखम. सीजे-५ ही गाडी आखूड, अरुंद आणि उंच होती. डोंगरात याच गोष्टी गुणाच्या होत्या. पण १९७० च्या दशकात शहरी पोरं ती कारसारखी हायवेवर पिटाळू लागली. डिसेंबर १९८० मध्ये सीबीएस वाहिनीच्या सिक्स्टी मिनिट्स या बातम्यांच्या कार्यक्रमाने ती उलटते कशी, हे देशभर दाखवलं. खप पडला, खटले झाले. १९८६ मध्ये सीजे बंद करून रँग्लर आणली गेली, जास्त रुंद आणि जमिनीला जास्त चिकटून चालणारी. तिला चौकोनी दिवे दिले होते. जीपवाल्यांना ते इतके खटकले की १९९७ च्या मॉडेलात कंपनीने गोल दिवे परत आणले. मालकी कागदावर कुणाचीही असो, दिव्यांच्या आकाराबाबत शेवटचा शब्द गिऱ्हाइकाचा ठरला.

चालवणाऱ्याच्या वाट्याला येणारी जीप

आता रँग्लर घेतली तर काय पदरात पडतं ते बघू. त्यासाठी आधी तिची चाल समजून घ्यावी लागेल.

पालखी वळवताना काय होतं ते आठवा. आतल्या बाजूचा भोई आखूड पावलं टाकतो, बाहेरचा लांब. दोघांनी एकाच मापाने पाऊल टाकायचं ठरवलं तर पालखी वळणार नाही, दांडा पिळवटेल. मोटारीच्या डाव्या-उजव्या चाकांचं हेच असतं. त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना म्हणजे डिफरन्शियल. पण तिच्यात एक खोट आहे. एक चाक चिखलात सटकायला लागलं की इंजिनची सारी ओढ त्या सटकणाऱ्या चाकालाच मिळत राहते आणि पक्क्या जमिनीवरचं चाक स्वस्थ उभं राहतं. यावर उपाय म्हणजे डिफरन्शियलला कुलूप घालणं, म्हणजे लॉकर. दोन्ही भोई एका पावलात. २००३ मध्ये रँग्लरच्या रुबिकॉन या मॉडेलला असे लॉकर पुढेमागे कारखान्यातूनच बसवून मिळू लागले.

डावं-उजवं जसं, तसंच पुढचं-मागचं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. रँग्लरच्या साध्या रचनेत फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारा, दांडा ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जखडले जातात. मातीत चाकं थोडी घसरून तो फरक जिरवतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते. गाडी वळणावर आखडते, कुथते, आणि ताण टायरवर आणि गिअरवर येतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लावायचा नाही, हा नवीन मालकाने शिकायचा पहिला धडा. जीपने १९७३ मध्येच क्वाड्रा-ट्रॅक ही रचना काढली होती. तिच्यात मध्येही एक डिफरन्शियल असतो, त्यामुळे ती कायम फोर बाय फोरमध्ये चालते. रँग्लरच्या साध्या मॉडेलांत मात्र जुनीच पद्धत चालू राहिली, कारण ती साधी आहे आणि तुटत नाही.

दुसरा दांडा लो गिअरचा. १९४१ च्या गाडीत तो वेग जवळपास निम्मा आणि ओढ जवळपास दुप्पट करायचा. रुबिकॉनमध्ये ते प्रमाण चारास एक आहे. खडकावरून उतरताना ब्रेकला पाय न लावता गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. ज्याने हे एकदा अनुभवलं, त्याला जीपवाले हिच्यासाठी एवढा खर्च का करतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट आस. शाळेत चाक आणि आस शिकलो तीच. बहुतेक नव्या गाड्यांत पुढची दोन चाकं स्वतंत्र हलतात. रँग्लरच्या पुढे आणि मागे बैलगाडीसारखा एकसंध आस आहे. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, जमीन सोडत नाही. डोंगरात याला तोड नाही. हायवेवर मात्र डाव्या चाकाने खाल्लेला खड्डा उजव्यालाही कळतो, स्टेअरिंग किंचित ढिलं वाटतं आणि सरळ रस्त्यावरही सतत हलकं सावरत राहावं लागतं.

याचाच एक भीतीदायक प्रकार म्हणजे जीपवाले ज्याला डेथ वॉबल म्हणतात तो. चांगल्या वेगात असताना पुलाचा जोड किंवा खड्डा लागतो, आणि पुढचा पूर्ण आस डावी-उजवीकडे थडथडायला लागतो. स्टेअरिंग हातात धरवत नाही. कारण बहुतेकदा सांध्यांतले झिजलेले रबरी बुश, ढिले झालेले बॉल जॉइंट किंवा गाडी उंच करताना चुकलेले कोन. घाबरून जोरात ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यायचा. २०१९ मध्ये नव्या रँग्लरबाबत यावरून अमेरिकेत खटला दाखल झाला आणि कंपनीने स्टेअरिंगचा डँपर, म्हणजे थरथर जिरवणारा दांडा, बदलून देण्याची मोहीम काढली. मला विचाराल तर डँपर हा औषधाचा अर्धा भाग आहे. बुश आणि जॉइंट तपासत राहणं हा उरलेला अर्धा.

खर्चाचं म्हणाल तर ३.६ लिटरच्या ऑटोमॅटिक रँग्लरचा अमेरिकेतला सरकारी आकडा गॅलनला १८ ते २० मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला साडेसात ते साडेआठ किलोमीटर. समोरची काच उभी, बाकी सगळं चौकोनी. वारा कापायचा तर इंधन जळणारच. ती काच १९४० च्या यादीतून आली आहे आणि आजही आडवी पाडता येते.

छत आणि दरवाजे काढता येतात, याचं सुख मोठं आणि भानगडीही बऱ्याच. आरसे दरवाजांवर असतात. दरवाजे काढले की आरसे गेले, मग वेगळे आरसे बसवून घ्यावे लागतात. कापडी छत चाकूने फाटतं, म्हणून अनेक मालक गाडीत काही किमती ठेवतच नाहीत. पाऊस आत आला तर? फरशीला बुचं असतात, ती काढून पाणी सोडून द्यायचं. आणि मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते जुन्या रँग्लरच्या चासीत आतून साठतं आणि लोखंड खातं. तिकडे जुनी जीप बघायला जाताना चमकणाऱ्या रंगाकडे लक्ष देऊ नये. गाडीखाली आडवं व्हावं आणि मागच्या चाकांपाशी चासीला हातोडीने हलकेच ठोकून बघावं. आवाज खणखणीत आला पाहिजे.

इतकं सगळं असून अमेरिकेत रँग्लर जुनी झाली तरी किंमत धरून ठेवते. एक कारण तर हे की तिचा प्रत्येक भाग बाजारात मिळतो, मूळ कंपनीचाही आणि इतरांचाही. दुसरं कारण माणसांचं. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉनच्या खडकाळ वाटेवर १९५३ पासून जीपवाल्यांचा मेळा भरतो, युटातल्या मोआबला १९६७ पासून ईस्टरच्या सुमाराला. रस्त्यात समोरून जीप आली तर हात वर करायचा, हा रिवाज आहे. २०२० मध्ये कॅनडातल्या एका जीपवालीने अनोळखी जीपवर रबरी बदक ठेवलं, आणि आता अमेरिकेत पार्क केलेल्या रँग्लरच्या डॅशबोर्डवर बदकांची रांग दिसते. नवख्या मालकाला रस्त्यात चाक रुतलं तर सोडवायला कोण येईल, याची काळजी म्हणूनच कमी वाटते.

माझगाव ते रांजणगाव

आपल्याकडची जीप या गोष्टीत कुठे बसते? १९४० च्या दशकाच्या अखेरीला महिंद्राने मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली. पहिल्या खेपेत ७५ गाड्या होत्या. पुढे परवान्याखाली इथेच उत्पादन सुरू झालं. उंच बोनेटची सीजे-थ्रीबी हे आपल्या ओळखीचं मॉडेल. बोनेट उंच होण्याचं कारण साधं आहे, विलीजचं नवं इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं आणि ते झाकायला पत्रा वर न्यावा लागला. अमेरिकेत ही गाडी १९६८ मध्ये थांबली. महिंद्राने तोच चेहरा, प्यूजोचं डिझेल इंजिन घालून, कमानपाटे तसेच ठेवून, पुढे कित्येक वर्षं चालवला. कमांडर, मेजर, एमएम ५४० या सगळ्या त्याच घरातल्या. २०१० ची थारही.

मग महिंद्राची गाडी जीप का नाही? जमीन खंडाने कसणं वेगळं आणि सातबाऱ्यावर नाव असणं वेगळं. विलीजने महिंद्राला गाडी बनवण्याचा परवाना दिला होता, नाव विकलेलं नव्हतं. कूळ दोन पिढ्या राबलं म्हणून तिकडच्या सातबाऱ्यात फेरफार झाला नाही.

हे २०१८ मध्ये उघड्यावर आलं. महिंद्राने मिशिगनमध्ये रॉक्सर नावाची, फक्त शेतात-रानात चालवायची गाडी काढली. तिचा चेहरा त्या जुन्या सीजेचाच. जीपच्या तेव्हाच्या मालकांनी, म्हणजे फिएट क्रायस्लरने, अमेरिकेच्या इंटरनॅशनल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. अमेरिकन कायद्यात नुसतं नावच नाही, तर वस्तूचं एकंदर रूपही राखीव असू शकतं. ते रूप पाहून गिऱ्हाईक विशिष्ट कंपनीच आठवत असेल तर दुसऱ्याला ते वापरता येत नाही. जून २०२० मध्ये निकाल फिएट क्रायस्लरच्या बाजूने लागला आणि रॉक्सरला त्या रूपात मनाई झाली. महिंद्राने पुढचं तोंड बदलून गाडी पुन्हा आणली.

कायद्याने निकाल समजण्यासारखा आहे, तरी मला तो बोचतो. अमेरिकेने १९६८ मध्ये सोडून दिलेला चेहरा ज्यांनी घडवत ठेवला, त्यात नाशिकच्या कामगारांचे हात आहेत.

आणि नाव आलं, ते पुणे जिल्ह्यात. फिएट आणि टाटांच्या भागीदारीचा रांजणगावचा कारखाना आधी पुंटो आणि लिनिया बनवायचा. २०१७ च्या जुलैत तिथे बनलेली जीप कंपास बाजारात आली. उजव्या बाजूला स्टेअरिंग असलेली कंपास तिथून ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनसारख्या देशांत जाऊ लागली. २०२१ पासून रँग्लरची जुळणीही तिथे सुरू झाली. कंपासच्या डिझेल इंजिनात फिएटची खूण आहे, आणि तिचा सांगाडा कारसारखा, चाकं स्वतंत्र हलणारी. तिच्याकडून रँग्लरची अपेक्षा ठेवू नये. हायवेवर ती रँग्लरपेक्षा कितीतरी शांत आणि सरळ चालते, ते याच कारणाने.

बँटमच्या सुरुवातीच्या खेपेतली सात नंबरची गाडी अजून शाबूत आहे. ती स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीची असून पिट्सबर्गच्या हाइन्झ हिस्टरी सेंटरमध्ये, बटलरपासून तासाभराच्या अंतरावर, ठेवलेली आहे. तिला ग्रॅम्प्स, म्हणजे आजोबा, म्हणतात. नाक गोलसर आहे, सात फटी नाहीत. बँटमने कागदोपत्री तिला रेकॉनिसन्स कार, म्हणजे टेहळणीची गाडी, एवढंच नाव दिलं होतं.